कोंबडीची पिशवी सकाळी रिकामी झाली नाही तर

संध्याकाळी कोंबड्या परतल्या की एखादीच्या छातीवर, जरा उजव्या अंगाला, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा दिसतो. नव्याने कोंबड्या पाळणारी माणसं तो बघून घाबरतात. "काकी, हिचा पोट बघा," म्हणत कोंबडी काखेत मारून माझ्या पडवीत हजर. मी बहुतेक वेळा हातसुद्धा लावत नाही. "उद्या उजाडताना, खुराडं उघडायच्या आधी चाचपून बघ आणि मग ये," एवढंच सांगते. बरेचजण परत येत नाहीत, कारण सकाळी गोळा गेलेला असतो.

कोंबडीने टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. अन्ननलिकाच छातीपाशी फुगून तिची पिशवी झालेली असते, तिच्यात तो आधी साठतो. डॉक्टर तिला क्रॉप म्हणतात, आमच्या वाडीत नुसतं पिशवी म्हटलं तरी कळतं. तिथे दाणा भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा खाली सरकतो. खाली आधी पाचकरसाचं जठर, मग पेठा. कलेजी-पेठ्यातला पेठा तो हाच. कोंबडीने गिळलेले बारीक खडे त्यात असतात आणि खरं दळण तिथे होतं. अंधार पडायच्या आधी कोंबडी हावरटासारखी टिपते, पिशवी गच्च भरते आणि रात्रभर ते पुरवून वापरते. म्हणून रात्री भरलेली आणि पहाटे सपाट, ही निरोगी पिशवी. दुपारी किंवा संध्याकाळी हात लावून काही निदान होत नाही.

चाचपायचं कसं तेही सांगते. कोंबडी डाव्या काखेत धरायची, तिचं तोंड समोर आणि पंख आपल्या अंगाशी दाबलेले. उजव्या हाताची बोटं मानेच्या खालून छातीवर उतरवायची. सपाट, सैल कातडी लागली तर ती ठीक आहे. काही लागलं तर ते कसं लागतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. गोळा घट्ट आहे, बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो, किंवा आत गवताचा गुंताच हाताला लागतो, तर पिशवी तुंबली. गोळा मऊ, आत पाणी डचमळतंय आणि चोचीजवळ नाक नेलं तर आंबलेला वास येतोय, तर पिशवी आंबली. आणि पिशवी खाली लोंबते, चालताना इकडून तिकडे हलते, तर ती सैल पडली. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तुंबलेलीचा उपाय आंबलेलीवर केला तर कोंबडी जाते, हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट मात्र तिन्हींत करायची नाही. कोंबडीला उलटी धरून, मान खाली करून पिशवी पिळायची नाही. जुनी माणसं करायची, मोबाईलवरचे व्हिडिओही दाखवतात. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध उघडते. पिशवीतलं घाण पाणी वर आलं की ते सहज फुप्फुसात जातं. हातातल्या हातात मेलेली कोंबडी मी दुसऱ्यांच्या अंगणात बघितली आहे.

तुंबलेली पिशवी

आमच्याकडे याचा हंगाम ठरलेला. पहिला श्रावणात, गवत गुडघ्याला लागतं तेव्हा, आणि दुसरा पाऊस ओसरल्यावर, बागांतून ग्रासकटर फिरतो तेव्हा. मुळाला धरून उभं असलेलं गवत कोंबडी शेंड्याशी तोडून खाते, तुकडा आपोआप लहान होतो. कापून पडलेलं गवत मात्र वीतभर लांब तसंच गिळते. असे दहा-बारा तुकडे पिशवीत एकमेकांत अडकले की त्यांची वेणीच होते. कटरच्या नायलॉन दोरीचे तुकडेही त्याच गवतात पडलेले असतात. शिवाय खाद्याच्या पोत्याचे धागे, रबरबँड, सुतळी. आणि गणपतीत निर्माल्यातले दोरे. हार, गजरे, कंठ्या परसात केळीच्या बुंध्याशी टाकायची आपल्याला सवय असते. फुलं कुजतात, त्यांत किडे येतात, किडे टिपताना दोरा पोटात जातो.

माझ्या एका तुरेवालीचं हेच झालं होतं. दाणा टाकला तरी येईना, मान सारखी लांब करून आवंढा गिळल्यासारखं करत होती. तोंड उघडून बघितलं तर जिभेच्या मुळाला गजऱ्याचा पांढरा दोरा वेटोळं घालून बसलेला आणि दुसरं टोक खाली घशात गेलेलं. असा दोरा ओढायचा नाही. खाली पिशवीत त्याला काय अडकलंय ते दिसत नाही, आणि दोरा आतून कापत जातो. जिभेभोवतीचं वेटोळं बारीक कात्रीने कापून सोडवलं, खालचं टोक तसंच ठेवलं आणि तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेली. म्हणून मालिश वगैरे सगळं नंतर. आधी उजेडात, शक्यतो दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च धरून, तोंड उघडून बघा. दोरा आहे का आणि गालाच्या आत पांढरे दह्यासारखे चट्टे आहेत का, या दोन गोष्टी.

तोंडात काही नाही आणि पिशवी नुसती घट्ट आहे, तर घरी करण्यासारखं आहे. कोंबडी वेगळी काढा. पिंजऱ्यात किंवा डालग्याखाली, खाली वर्तमानपत्र. तूस किंवा पेंढा नको, भुकेली कोंबडी तेच खाते. दाणा बंद, पाणी समोर. वर्तमानपत्राचा दुसरा फायदा म्हणजे शिट दिसते. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली शिट पडत असेल तर खाली काहीतरी जातंय. नुसतं हिरवं-पांढरं पाणी असेल तर काहीच जात नाही.

मग तेल. खोबरेल फ्रीजमध्ये थिजवून त्याचे चण्याएवढे तुकडे करायचे आणि चोच उघडून तीन-चार एकामागून एक भरवायचे. थिजलेलं अशासाठी की ते कोंबडी स्वतः गिळते आणि पातळ तेलासारखं श्वासनलिकेत उतरत नाही. पातळ तेल आणि सिरिंज हे मला नवशिक्याच्या हातात बघवत नाही. त्यावर थोडं कोमट पाणी, ड्रॉपरने, चोचीच्या कडेला थेंब थेंब. तिने गिळलं की पुढचा थेंब. एकदम पाच मिली घशात सोडलं की ठसका लागलाच म्हणून समजा.

पंधरा-वीस मिनिटांनी मालिश. कोंबडी उभी, डोकं वर. बोटांच्या पेरांनी गोळ्याच्या कडा आधी मोकळ्या करायच्या, मग मध्यापर्यंत जायचं. कणीक तिंबतो तसंच, पण कितीतरी हलक्या हाताने, आणि वर गळ्याकडे कधीच ढकलायचं नाही. चार-पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन-चार वेळा. कोंबडी धडपडली, तोंड उघडून श्वास घ्यायला लागली की सोडून द्यायची. पहिल्या खेपेला काही फरक वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला गोळा मोडल्याचं बोटांना कळतं, आत वेगवेगळे तुकडे सरकतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे परत चाचपा. गोळा निम्मा झाला असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून चमचाभर द्या, किंवा लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरडलेलं खाद्य) पाण्यात पातळ भिजवून. थोडंच, आणि दोन-तीन तासांनी परत थोडं. दाणा, मका भरडा, पालेभाजी, गवत यांतलं काही नाही. पिशवी सलग दोन सकाळी रिकामी मिळाली की मगच नेहमीचं खाणं. चोवीस तासांत गोळा होता तसाच असेल तर उपाशी ठेवणं लांबवू नका. कोंबडीच्या अंगात साठा किती असणार! दवाखाना गाठायचा.

तिथे डॉक्टर पिशवी उघडून साफ करतील. ही शस्त्रक्रिया मोठी नाही, पिशवीची जखम लवकर भरते. त्यामुळेच खेड्यापाड्यांत ब्लेड आणि शिवणाचा दोरा घेऊन घरच्या घरी करणाऱ्या बाया होत्या, अजूनही असतील. त्यांच्या हातून कोंबड्या वाचल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पिशवीचं अस्तर वेगळं आणि वरची कातडी वेगळी शिवावी लागते. दोन्ही एकाच टाक्यात घेतली की पाणी झिरपतं आणि जखम चिघळते. भूल न देता जिवंत प्राण्याला कापायचं, हे तर मला मान्यच नाही.

आंबलेली पिशवी

याला मालिश नाही. आत पाणी आहे, ते वर आलं की जीवावर बेततं. पिशवीत थोडं बुरशीचं बी नेहमीच असतं, कॅन्डिडा नावाचं यीस्ट. अन्न पुढे सरकलं नाही की ते वाढतं, आंबतं आणि अस्तर जाड, पांढरं होतं. कोंबडीने मान खाली केली की चोचीतून पातळ, आंबूस पाणी गळतं. वास एकदा घेतला की विसरत नाही.

कारणं आपल्याच घरातली. पावसाळ्यात रात्रीचा भात सकाळी टाकला आणि तो दुपारपर्यंत तसाच पडला. कोंड्याचं पोतं जमिनीवर ठेवलं, तळाला ओल आली, बुरशी धरली. पाण्याच्या भांड्याला आतून हिरवा-चिकट थर. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे अँटिबायोटिक. कोंबडी जरा मान टाकून बसली की मेडिकलमधून कॅप्सूल आणून पाण्यात फोडायची सवय लागली आहे. त्या औषधाने जंतू मरतात, बुरशीला मोकळं रान मिळतं. पिशवी आंबलेली असताना वर परत तीच कॅप्सूल दिली तर काय होणार ते सांगायला नको.

घरी एवढंच करायचं. कोंबडी वेगळी, दाणा बंद, भांडं घासून गरम पाण्याने धुऊन ताजं पाणी. गूळपाणी, साखरपाणी, पाव, पिकलेली फळं काही नाही. गोड मिळालं की यीस्टला मेजवानी. ताक-दह्याबद्दलही माझं तेच मत. माणसाच्या पोटाला चालतं म्हणून लोक देतात, पण कोंबडीला दुधातली साखर पचत नाही आणि भरल्या पिशवीत आणखी एक आंबट पदार्थ घालून काय साधतं ते मला कळलेलं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. ते नळी घालून पाणी काढतात आणि बुरशीचं औषध देतात, बहुतेकदा निस्टॅटिन. डोस कोंबडीच्या वजनावर ठरतो, म्हणून नेण्याआधी तिला कापडी थैलीत घालून काट्यावर लावा. औषध सांगितलेले सगळे दिवस द्यायचं, दोन दिवसांत बरी दिसली म्हणून थांबवायचं नाही. अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथेच विचारून घ्या.

इथे एक इशारा खास आमच्या भागासाठी. सुपारीवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, फवारायला घरोघरी मोरचूद असतं, आणि कुठून तरी ऐकलेलं असतं की कोंबडीच्या बुरशीला मोरचूद चालतं. चालतं, हे खरं. पण लिटरभर पाण्याला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास इतकं कमी, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर, आणि प्लास्टिकच्या भांड्यात, कारण धातूला ते खातं. बोर्डोला शंभर लिटरला किलोभर घालणारा आपला हात चिमूटभर म्हणून जे टाकतो ते कोंबडीला विष होतं. स्वयंपाकाच्या काट्यावर अर्धा ग्रॅम मोजता येत नाही. तेव्हा नकोच.

लोंबणारी पिशवी

यावर फार लिहिण्यासारखं नाही. वारंवार तुंबून, किंवा उन्हाळ्यात एकदम खूप पाणी पिऊन पिशवीचे स्नायू ताणले जातात आणि परत आवळत नाहीत. काही कोंबड्यांच्या वंशातच असतं. पूर्ण बरी होत नाही, सांभाळता येते. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं बारीक खाणं, गवत बंद. मऊ सुती कापडाचा आधार बांधतात, पण तो पंखाखालून घेऊन पाठीवर सैल बांधायचा, श्वास अडकता कामा नये. अशा कोंबडीची अंडी खुडुकीखाली उबवायला ठेवू नका.

पिशवी हे कारण नसेल तर

बऱ्याचदा पिशवी भरलेली राहते ती खालचं काहीतरी बंद पडल्यामुळे. नळाचं पाणी तुंबलं म्हणून नळ बदलून उपयोग नाही तसं. पेठ्यात खिळा किंवा तार अडकलेली असू शकते. अंडं अडकलेलं असू शकतं. अशी कोंबडी शेपटी खाली घालून, पुन्हा पुन्हा जोर करत बसते. जंत असू शकतात. पावसात गांडुळं वर येतात आणि कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडतात. गांडुळातून येणारा केसासारखा बारीक जंत थेट पिशवीच्या अस्तरात राहतो. तो शिटेच्या तपासणीत सापडतो, म्हणून दवाखान्यात जाताना ताजी शिट डबीत घ्या. तरुण तलंगेची पिशवी भरलेली आणि एक पाय पुढे, एक मागे असा फाकलेला असेल तर मरेक रोगाची शंका घ्यावी. त्यात नसाच मारल्या जातात, मग पिशवी हलणार कशी?

आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत. कोंबडीची पिशवी पाण्याने भरलेली, हिरवी पातळ शिट, तोंड उघडून श्वास, एक-दोन दिवसांत मान वाकडी. हे एकाच कोंबडीला होऊन थांबत नाही. दोन-तीन एकदम बसल्या तर पिशवीचा नाद सोडा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. सरकारी दवाखान्यात फोन लागत नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला लावा. मानमोडीला औषध नाही, लस आहे, आणि ती आजार यायच्या आधी द्यायची असते. एकाएकी भराभर कोंबड्या मरायला लागल्या तर मेलेली हातात घेऊन चिरून बघू नका. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो कोंबड्यांतच. हातमोजे घाला, मेलेली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कळवा. आजारी कोंबडी 'जाण्याआधी' कापून खायची हिशेबी बुद्धी तर सोडूनच द्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

सगळ्यांत स्वस्त औषध म्हणजे खडे. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला जांभ्याच्या रस्त्यावर, व्हाळाच्या कडेला मिळतात. जाळीत ठेवलेलीला आपण द्यावे लागतात. नदीची वाळू चाळून वर राहणारे तांदळापासून तुरीच्या दाण्याएवढे खडे धुऊन वेगळ्या थाळीत ठेवा, लागतील तेवढे ती घेईल. शिंपल्यांचा चुरा देतो म्हणून खडे नकोत, हा गैरसमज कोकणात घट्ट आहे. शिंपला पोटात विरघळतो, त्यातून अंड्याच्या कवचाला चुना मिळतो. तो दळायला उरत नाही. दोन्ही हवेत, दोन थाळ्यांत. किनाऱ्यावरची वाळू मात्र तशीच देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला मारतं.

ग्रासकटर फिरला की दोन दिवस कोंबड्या त्या बागेत सोडू नका. आधी कापलेलं गवत ओढून आंब्याच्या आळ्यात टाका. पाला द्यायचा तर जुडी करून दोरीने उंच टांगा, म्हणजे चोचीने ओढून तुकडा तोडावा लागतो. मात्र दोरी काथ्याची जाड घ्या, पोत्याचा सुटणारा धागा नको. अंडी घालायच्या खोक्यात पेंढा घालायचा तर चार बोटांएवढा कापून, नाहीतर सरळ तूस. निर्माल्याचे दोरे सोडवून घ्यायचे आणि फुलं तेवढी खतात, हे घरातल्या पोरांना सांगा. पोरं मोठ्यांपेक्षा जास्त ऐकतात.

बरी झालेली कोंबडी परत सोडताना दिवसा सोडू नका. चार दिवस बाहेर राहिलेलीला बाकीच्या परकी समजतात आणि तुऱ्यावर टोचून रक्त काढतात. रात्री सगळ्या बसल्यावर, अंधारात, दांडीवर तिच्या नेहमीच्या जागी नेऊन बसवा. दुसऱ्या दिवशी दाणा दोन ठिकाणी टाका, म्हणजे तिलाही मिळतो. पुढचा आठवडाभर रोज पहाटे तिची पिशवी चाचपायची, आणि ते करताना जोडीला बाकीच्यांपैकीही एखादीची.